कोणाचं चित्र कुठे लावायचं?

चित्रकार चित्रं काढताना भांडत नाहीत, लावताना भांडतात. प्रदर्शन बघायला येणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. तो येतो, चित्रं बघतो, अभिप्रायाच्या वहीत 'खूप छान' असं लिहितो, ओळखीचं कोणी भेटलं तर चहा पितो आणि घरी जातो. आदल्या रात्री त्याच भिंतीपाशी कोण रुसलं, कोणी कोणाची समजूत काढली, हे त्याला कसं कळणार?

हा विषय डोक्यात घोळायचं कारण म्हणजे आमच्या कामोठ्यात सध्या आठ हौशी मंडळींच्या चित्रप्रदर्शनाची तयारी चालू आहे. एक निवृत्त ड्राफ्ट्समन, दोन शिक्षिका, एक बँकवाले, एक नुकतीच कला महाविद्यालयातून बाहेर पडलेली मुलगी आणि बाकीचे तिघे रविवारचे चित्रकार. मी त्यात चित्रकार म्हणून नाही. यादी करणं, मापं घेणं आणि मोठ्याने विचारायला कोणी धजत नाही ते प्रश्न विचारणं, एवढंच माझं काम. हॉलचं भाडं, चहा, पत्रिका, सगळं अर्ध्या तासात ठरलं. मग मी विचारलं, दारासमोरची मोठी भिंत कोणाला? एकदम शांतता! "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा" असं सगळे म्हणाले. कोणी असं म्हटलं की समजावं, प्रत्येकाच्या मनात उत्तर ठरलेलं आहे.

घरी आल्यावर थोडं वाचन केलं, जुनं वाचलेलं आठवलं आणि एक गोष्ट लक्षात आली. हा प्रश्न कामोठ्याचा नाही. निदान अडीचशे वर्षं जुना आहे.

लंडनच्या रॉयल अकादमीच्या वार्षिक प्रदर्शनात पूर्वी भिंत छतापर्यंत चित्रांनी भरलेली असे. चौकटीला चौकट चिकटलेली. भिंतीवर एका ठरावीक उंचीवर एक पट्टी होती. त्या पट्टीच्या आसपास जागा मिळाली तर नशीब फळफळलं, वर छताजवळ गेलात तर कोणी मान वर करून बघेल तेवढंच. १७८४ मध्ये थॉमस गेन्सबरो या त्या काळच्या बड्या चित्रकाराने राजाच्या तीन मोठ्या मुलींचं चित्र पाठवलं. नियमाप्रमाणे ते उंचावर लागणार होतं. तो म्हणाला, मी हे हळुवार रंगवलंय, इतक्या उंचावरून दिसणारच नाही, थोडं खाली लावा. अकादमी म्हणाली, नियम म्हणजे नियम. गेन्सबरोने त्या वर्षीची आपली सगळी चित्रं परत नेली आणि पुढे १७८८ मध्ये मरेपर्यंत तिथे पुन्हा एकही चित्र लावलं नाही. काही फुटांच्या फरकावरून!

उंचीचा तंटा झाला, आता शेजाऱ्याचा ऐका. १८३१ मध्ये जॉन कॉन्स्टेबल हा चित्रं लावणाऱ्या समितीत होता. टर्नरचं चित्र चांगल्या जागी लागलं होतं, ते कॉन्स्टेबलने हलवलं आणि तिथे स्वतःचं लावलं, असं डेव्हिड रॉबर्ट्स या चित्रकाराने लिहून ठेवलंय. पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, दोघांची चित्रं शेजारीशेजारी आली. कॉन्स्टेबलचं चित्र वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचं, झगझगीत, लाल-सोनेरी रंगांनी भरलेलं. टर्नरचं चित्र राखाडी समुद्राचं. प्रदर्शन उघडण्याआधी चित्रकारांना जागेवरच व्हार्निश द्यायला, शेवटचा हात फिरवायला काही दिवस मिळत. टर्नर आला, बघत उभा राहिला, आपल्या राखाडी समुद्रावर लाल रंगाचा एक ठिपका ठेवला आणि निघून गेला. त्या एका ठिपक्याने शेजारचा सगळा झगमगाट फिका पडला. नंतर त्याने त्या ठिपक्याला पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा आकार दिला, म्हणजे तो तिथला वाटावा.

ही गोष्ट चित्रकलेच्या पुस्तकांत गंमत म्हणून सांगतात. मला ती समूह प्रदर्शनाचा पहिला धडा वाटते. घरात एकटं असलेलं चित्र वेगळं असतं आणि शेजारी दुसरं आलं की तेच चित्र बदलतं. आपल्या हातात फक्त आपलं चित्र असतं, शेजारी कोण येणार ते नसतं. ते ज्याच्या हातात असतं, त्याच्यावर बाकीच्यांचा विश्वास तरी हवा, नाहीतर नियम तरी हवा.

नियम करून बघितला तो पॅरिसच्या मंडळींनी. सरकारी 'सलोन'च्या निवड समितीला कंटाळलेले मोने, रेन्वार, पिसारो, देगा वगैरे एकत्र आले आणि डिसेंबर १८७३ मध्ये त्यांनी एक सहकारी मंडळी काढली. पिसारोने नियमावलीसाठी नमुना कुठला आणावा? पाव भाजणाऱ्यांच्या संघटनेचा! १५ एप्रिल १८७४ रोजी नादार या छायाचित्रकाराच्या रिकाम्या स्टुडिओत प्रदर्शन उघडलं. ३० कलावंत, १६५ कलाकृती. सलोन उघडायच्या दोन आठवडे आधीच उघडलं, नाहीतर लोक म्हणाले असते, नाकारलेल्यांनी दुसरं दुकान मांडलंय. आणि चित्रं लावायची कशी? आधी आकाराप्रमाणे गट पाडायचे आणि मग चिठ्ठ्या टाकायच्या. समितीतले बरेच जण ऐन कामाच्या वेळी फिरकलेच नाहीत, चित्रं लावायचं काम बहुतेक एकट्या रेन्वारवर पडलं. (प्रत्येक मंडळात असा एक रेन्वार असतो. गणपतीची आरास करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) पैशाचं म्हणाल तर शेवटी हिशेब झाला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या नावावर १८४ फ्रँक ५० सांतिम एवढं देणं निघालं आणि त्याच वर्षाअखेर मंडळी बंद झाली. पण 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव त्याच भिंतीवरून जगभर गेलं, तेसुद्धा टीकाकाराने टिंगल म्हणून दिलेलं.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली १८८८ मध्ये. सुरुवातीला तिथे साहेब लोकांचं आणि हौशी मडमांचं वर्चस्व. तरीही तिची भिंत आपल्या लोकांना मिळू लागली. १८९५ मध्ये महादेव विश्वनाथ धुरंधरांना तिथलं सुवर्णपदक मिळालं, ते मिळवणारे ते पहिले भारतीय. १९३७ मध्ये अमृता शेरगिलच्या तीन मुलींच्या चित्राला सुवर्णपदक मिळालं. हीच अमृता दोन वर्षांपूर्वी, १९३५ मध्ये, सिमल्याच्या फाइन आर्ट्स सोसायटीवर भडकली होती. तिने दहा चित्रं पाठवली, त्यांनी पाच परत केली आणि उरलेल्यांतल्या एकाला बक्षीस दिलं. तिने बक्षीस परत पाठवून दिलं. म्हणजे एका गावच्या भिंतीने दार लावलं, दुसऱ्या गावच्या भिंतीने उघडलं. निवड समिती हा प्रकार असाच असतो, तिच्या निकालावरून आपली किंमत ठरवू नये. आमच्या कंपूतल्या एक बाई शाळेतल्या एका जुन्या स्पर्धेचा निकाल अजून मनात धरून बसल्या आहेत, त्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

आणि मग येतो कृष्णाजी हौळाजी आरा. जन्म १९१४ चा, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. लहानपणीच घर सोडून मुंबईला आलेला हा मुलगा लोकांच्या घरी गडी म्हणून राबला, त्याने मोटारी धुतल्या आणि मिळेल त्या वेळात चित्रं काढली. कुठल्या कलाशाळेचा शिक्का नाही. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा त्याने स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचं मोठं थोरलं चित्र रंगवलं आणि बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनाला दिलं. ते नाकारलं गेलं. आपला गट काढायची ठिणगी तिथेच पडली, असं फ्रान्सिस न्यूटन सूझा पुढे सांगत असे. सूझा गोव्यातल्या सालिगावचा, १९४५ मध्ये जे. जे. मधून काढून टाकलेला. म्हणजे एक नाकारलेला आणि एक काढून टाकलेला!

१९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप जमला तो अगदी आपल्या भिशीसारखा, ओळखीतून. सूझा, आरा आणि सय्यद हैदर रझा असे तिघे आधी. मग ठरलं, प्रत्येकाने एकेक माणूस आणायचा. रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकलेला, त्याने विदर्भातल्या तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे आणले. आराने शिल्पकार सदानंद बाकरे आणले. सूझाने पंढरपुरात जन्मलेला, सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलेला मकबूल फिदा हुसेन आणला. झाले सहा.

७ जुलै १९४९ रोजी या सहा जणांचं मुंबईतलं प्रदर्शन रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या सलोनमध्ये उघडलं. उद्घाटक मुल्कराज आनंद. जागा कोणाची ते बघा, ज्या सोसायटीने आराचं चित्र नाकारलं तिचीच! मला यात दोन्ही पक्षांचा मोठेपणा दिसतो. आणि महिना कोणता, तर जुलै. भर पावसाळ्यात मुंबईत चित्रं हलवायची म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

या सहा जणांत साम्य काय होतं? शैलीत काहीच नाही. सूझाच्या जाड काळ्या रेषा, आराची फुलं आणि भांडी, रझा आणि गाड्यांची निसर्गचित्रं, हुसेनच्या खेड्यातल्या माणसांच्या आकृत्या आणि बाकऱ्यांचं तर शिल्पच, त्याला भिंत नको, चारी बाजूंनी फिरायला मोकळी जमीन हवी. सूझाने कॅटलॉगमध्ये लिहिलं त्याचा आशय असा की विषय आणि तंत्र यांत आम्ही प्रत्येक जण पूर्ण स्वतंत्र आहोत. वाचायला हे छान वाटतं. पण लावणाऱ्याच्या बाजूने विचार करा! सहा स्वतंत्र माणसं एका खोलीत, आणि कोणी कोणाला झाकायचं नाही. आज त्यांची नावं कला-इतिहासात एका ओळीत घेतली जातात. ती आधी एका खोलीत लागली होती, म्हणून.

या गोष्टीत एका फ्रेमवाल्याचाही मोठा हात आहे आणि त्याचं नाव राहून जाऊ नये. केकू गांधी केंब्रिजमध्ये शिकत होते, महायुद्धामुळे परत जाता आलं नाही. मुंबईत एका बेल्जियन गृहस्थाच्या मदतीने १९४१ च्या सुमाराला त्यांनी फ्रेमच्या पट्ट्यांचा कारखाना काढला. नाव 'केमोल्ड', केमिकल आणि मोल्डिंग मिळून. प्रिन्सेस स्ट्रीटवर दुकान. दुकानाच्या काचेत रिकाम्या चौकटी कशा दिसणार? मग त्यांत या तरुण मुलांची चित्रं बसवून ठेवली. आरा, हुसेन, रझा, हेब्बर यांची चित्रं रस्त्यावरून जाणाऱ्यांनी अशी फ्रेमच्या जाहिरातीतून बघितली. १९६३ मध्ये केकू आणि खोर्शेद गांधी यांनी जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर केमोल्ड गॅलरी उघडली, तिचं मूळ त्या काचेत आहे.

जहांगीर आर्ट गॅलरी स्वतः उघडली १९५२ मध्ये. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या नावाने दिलेल्या देणगीतून. त्याआधी मुंबईच्या चित्रकाराला भिंत शोधत फिरावं लागे, आराचं १९४२ मधलं पहिलं एकल प्रदर्शन 'चेतना' उपाहारगृहात झालं होतं. तेव्हा कामोठ्याच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायला कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही.

आता थोडं तयारीचं, कारण आमच्याप्रमाणे आणखी कोणी या भानगडीत पडलं तर उपयोगी पडेल.

चित्राचा मधोमध बिंदू जमिनीपासून साधारण ५८ इंचांवर आला पाहिजे, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाच्या डोळ्यांसमोर. खिळा कुठे ठोकायचा याचं गणित सोपं आहे. समजा फ्रेम २४ इंच उंच आहे आणि मागची दोरी ताणली की वरच्या कडेच्या ३ इंच खाली येते. ५८ मध्ये फ्रेमची निम्मी उंची म्हणजे १२ मिळवा, ७० झाले. त्यातून ३ वजा करा. खिळा ६७ इंचांवर. प्रत्येक चित्राचं गणित वेगळं येतं, पण मधले बिंदू एका रेषेत येतात आणि लहान-मोठी चित्रं एका पंक्तीला बसल्यासारखी वाटतात. वरच्या कडा जुळवायला गेलात तर लहान चित्र छताकडे पळतं.

जलरंगाला काच हवी, पण काच कागदाला टेकता कामा नये. मध्ये माउंट हवा. आपल्याकडे खाडीची दमट हवा, काच कागदाला चिकटली की पावसाळ्यात बुरशीचे ठिपके आलेच. काचेचं चित्र खिडकीसमोर लावू नये, चित्राऐवजी खिडकीच दिसते. तैलरंगाला काच नको, पण वाळायला महिने लागतात. प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी रंगवलेलं चित्र कागदात गुंडाळून आणलंत तर कागदासकट लावावं लागेल. कॅनव्हास सैल पडला असेल तर मागे चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी असतात, त्या हलक्या हाताने ठोकल्या की ताण येतो. आणि हातोडी हातात घेण्याआधी सगळी चित्रं जमिनीवर, भिंतीला टेकवून मांडा आणि एक फेरी मारा. कोण कोणाला झाकतंय ते लगेच कळतं. टर्नरचा लाल ठिपका कुठे आहे ते शोधा. त्याला कोपरा द्या, कोपऱ्यातूनही तो दिसतोच.

आमच्यापुरता निकाल असा झाला. भिंती चिठ्ठ्या टाकून वाटायच्या, तेही चित्रं हॉलवर यायच्या आधी. प्रत्येकाची निदान दोन चित्रं डोळ्यांच्या रेषेत हवीत. मग कोणी तरी एकाने, जो स्वतः चित्र लावत नाही त्याने, फार तर तीन अदलाबदली करायच्या, आणि त्याचं कारण सगळ्यांसमोर सांगायचं. दारासमोरची भिंत निघाली सगळ्यांत अबोल असलेल्या ड्राफ्ट्समन काकांच्या नावाने. त्यांनी लगेच ती दुसऱ्या कोणाला द्यायची तयारी दाखवली. मी नाही म्हटलं. नियम एकदा मोडला की पुढच्या वेळी मागे सरणारी माणसं तीच असतात.

भानुमती राजोपाध्ये आठवते मला अशा वेळी. कोल्हापूरची, जे. जे. मध्ये शिकलेली. १९५३ मध्ये जहांगीरमध्ये प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं होती, त्या सगळ्या पुरुषांत ती एकटीच. पुढे ती सिनेमाच्या वेशभूषेकडे वळली आणि भानू अथैया म्हणून १९८३ मध्ये 'गांधी'साठी ऑस्कर घेऊन आली. ती चित्रकार होती हे बहुतेकांना कळलं ते फार उशिरा. भिंतीवर लागलेलं टिकतंच असं नाही, पण लागलंच नाही तर कोणी शोधतही नाही.

गट फार टिकला नाही. सूझा १९४९ मध्येच लंडनला गेला, रझा १९५० मध्ये पॅरिसला, बाकरे १९५१ मध्ये लंडनला. (बाकरे १९७५ मध्ये परतले आणि कोकणात मुरुड-हर्णैला राहिले, तिथेच २००७ मध्ये गेले.) नवीन मंडळी आली, गायतोंडे, कृष्ण खन्ना, सामंत, पण १९५६ पर्यंत सगळं संपलं. परदेशी गेलेल्यांची चित्रं पुढे कोट्यवधींना विकली गेली.

आरा कुठेच गेला नाही. १९८५ मध्ये जाईपर्यंत मुंबईतच राहिला. रॅम्पार्ट रो म्हणजे आताच्या के. दुभाष मार्गावर आर्टिस्ट्स सेंटर आहे, तिथे त्याने वर्षानुवर्षं काम केलं. काम कोणतं? नवीन, नाव नसलेल्या मुलांना प्रदर्शनासाठी जागा मिळवून देणं. ज्याचं चित्र परत पाठवलं गेलं होतं, त्याने उरलेलं आयुष्य दुसऱ्यांची चित्रं भिंतीवर लागावीत म्हणून खर्च केलं.